वाचकांचे प्रश्न : लॅपटॉप उठत नाही, फायली कशा काढायच्या?

या अंकासाठी एकाच दुखण्याचे प्रश्न एकत्र घेतले आहेत : लॅपटॉप सुरू होत नाही आणि बॅकअप नाही. लॅपटॉप बंद पडणं आणि डिस्क बंद पडणं ही दोन वेगळी दुखणी आहेत. दुकानात मात्र बऱ्याचदा दोन्हींवर एकच औषध मिळतं : 'फॉरमॅट मारून देतो.' फायली हव्या असतील तर तेवढ्या एका वाक्याला नाही म्हणा, मग पुढचं वाचा.

प्रश्न : २०१८ चा लॅपटॉप आहे. बटण दाबलं की दिवा लागतो, पंखा फिरतो, पण स्क्रीन काळीच राहते. दुरुस्तीवाले म्हणतात मदरबोर्ड गेला, आता खर्च करण्यात अर्थ नाही. मुलीचे जन्मापासूनचे फोटो त्यात आहेत. तेही गेले का? (सांगली)

बहुधा नाही. फोटो डिस्कवर असतात आणि त्या काळातल्या बहुतेक लॅपटॉपची डिस्क सुटी असते, स्क्रू काढले की बाहेर येते. ती दुसऱ्या संगणकाला पेन ड्राइव्हसारखी जोडता येते.

पण आधी दोन सोप्या गोष्टी करून बघा. चार्जर काढा, पॉवरचं बटण ३० सेकंद दाबून धरा, सोडा आणि चार्जर लावून पुन्हा सुरू करा. बोर्डात साठून राहिलेला करंट निघून गेला की काही लॅपटॉप मुकाट्याने उठतात. नाही उठला तर एचडीएमआय केबलने टीव्हीला जोडा. टीव्हीवर विंडोज दिसलं तर स्क्रीन किंवा तिची केबल गेली आहे; फोटो तिथूनच उतरवून घ्या.

यानंतर खालचं झाकण. शून्य नंबरचा फुलीचा स्क्रू ड्रायव्हर लागतो. स्क्रू सगळे सारख्या लांबीचे नसतात, म्हणून एका कागदावर झाकणाचा चौकोन काढा आणि निघालेला प्रत्येक स्क्रू त्याच्या जागी ठेवा. लांब स्क्रू आखूड जागी पिळला की तो वर कीबोर्डच्या बाजूने डोकं काढतो. सगळे स्क्रू काढूनही झाकण हलत नसेल तर जोर लावू नका, मागच्या रबरी पायांखाली एखादा लपलेला असतो. कडेची खाच जुन्या एटीएम कार्डाने सोडवत जायची. झाकण निघालं की पहिलं काम बॅटरीचा कनेक्टर काढण्याचं. बॅटरी जोडलेली असताना आत स्क्रू पडला तर उरलासुरला बोर्डही जाईल.

उघडलंच आहे तर रॅमची पट्टी काढा, तिचे सोनेरी दात साध्या खोडरबराने पुसा, पट्टी तिरकी घालून दोन्ही बाजूंच्या कड्या खट् वाजेपर्यंत दाबा. पंखा फिरतो पण स्क्रीन काळी, या लक्षणामागे रॅमचा बिघडलेला संपर्क अनेकदा निघतो. बॅटरी जोडून एकदा सुरू करून बघा. तरीही काळी असेल तर बॅटरी परत सुटी करून डिस्क काढायची.

आत दोनपैकी एक प्रकार दिसेल, काही लॅपटॉपमध्ये दोन्ही. पत्त्यांच्या जोडाएवढी चपटी डिस्क म्हणजे अडीच इंची साटा. हिला साटा-टू-यूएसबी केबल लागते. काही शे रुपयांत मिळते. दुसरा प्रकार च्युइंगगमच्या पट्टीसारखा, २२ मिलिमीटर रुंद आणि बहुधा ८० मिलिमीटर लांब : एम-डॉट-टू. एका टोकाला एकच स्क्रू असतो, तो काढला की पट्टी आपोआप तिरकी उभी राहते, मग सरळ मागे ओढायची. हिच्यासाठी केसिंग (पट्टी बसवून यूएसबीला जोडायची डबी) घेताना चूक होते ती इथे. दातांमध्ये एक खाच असेल तर बहुधा एनव्हीएमई, दोन खाचा असतील तर बहुधा साटा. एका प्रकारचं केसिंग दुसऱ्याला चालत नाही. दोन्ही चालणारंही मिळतं, थोडं महाग. घरात लॅपटॉप एकाहून जास्त असतील तर तेच घ्यावं. डिस्क सोबत घेऊन दुकानात गेलात तर प्रश्नच मिटतो.

फिरती (आत तबकडी फिरणारी) हार्ड डिस्क असेल तर ती निळ्या यूएसबी ३ पोर्टला लावा. जुना यूएसबी २ पोर्ट नियमाने ५०० मिलिअँपिअरच देतो, नवा ९००. फिरायला सुरुवात करताना डिस्कला जास्त लागतं, ते मिळालं नाही की तिचा संपर्क मध्येच तुटतो आणि माणूस समजतो की डिस्कच खराब. वेगातही फरक आहे. ५०० जीबी उतरवायला जुन्या पोर्टवर चारेक तास लागतात, नव्यावर दीड.

जोडल्यावर विंडोज कदाचित विचारेल, 'डिस्क फॉरमॅट करायची का?' उत्तर 'कॅन्सल'. 'डिस्क दुरुस्त करू का?' यालाही नाही. आत 'यूजर्स' फोल्डर, त्यात तुमच्या नावाचा, तो उघडताना 'परवानगी नाही' म्हणेल. 'कंटिन्यू' दाबलं की काही मिनिटं हिरवी पट्टी सरकते आणि उघडतो. जुन्या लॅपटॉपचा पासवर्ड इथे लागत नाही. यातून दुसराही अर्थ निघतो : लॅपटॉप भंगारात देताना पासवर्डच्या भरवशावर डिस्क आत ठेवून देऊ नका.

एक अपवाद. स्टिकरवर 'ऑप्टेन' लिहिलेलं असेल तर १६ जीबीची छोटी पट्टी आणि मोठी हार्ड डिस्क मिळून एक डिस्क झालेली असते. नुसती हार्ड डिस्क जोडली तर काही फायली जुन्या किंवा तुटक्या दिसू शकतात. अशी जोडी त्याच प्रकारच्या दुसऱ्या लॅपटॉपमध्ये एकत्र बसवूनच वाचावी, आणि हे काम जाणकाराचं.

प्रश्न : लॅपटॉपची डिस्क काढून दुसऱ्या संगणकाला जोडली, तर ४८ आकडी 'की' (किल्ली) मागतो. आम्ही कधी असला पासवर्ड ठेवलाच नाही. (नाशिक)

तुम्ही ठेवला नाही, विंडोजने ठेवला. हे बिटलॉकर. मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केलेल्या अनेक नव्या लॅपटॉपवर डिस्क आपोआप कुलूपबंद होते. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून नव्याने टाकलेल्या विंडोजवर तर हे सर्रास होतं. किल्ली मदरबोर्डवरच्या चिपमध्ये असते, त्यामुळे रोज ती मागितली जात नाही. डिस्क दुसरीकडे नेली की चिप मागे राहते आणि मागणी सुरू होते.

स्क्रीनवर 'की आयडी' दिसतो, त्याची पहिली आठ अक्षरं लिहून घ्या. फोनवरून मायक्रोसॉफ्ट खात्यात जाऊन 'डिव्हायसेस'मध्ये लॅपटॉपच्या नावाखाली बिटलॉकरच्या किल्ल्या बघा. सहा-सहा आकड्यांचे आठ गट असतात. आयडी जुळणारा घ्यायचा. सापडत नसेल तर घोडं इथे अडलेलं असतं : लॅपटॉप घेतला तेव्हा पहिल्यांदा कोणाच्या खात्याने सुरू केला? मुलाच्या, जावयाच्या, की दुकानातल्या पोराने घाईत उघडून दिलेल्या? किल्ली त्याच खात्यात आहे. कॉलेज किंवा ऑफिसचं खातं असेल तर तिथल्या आयटी विभागाकडे मागा. किल्ली मिळाली की कोणत्याही विंडोज लॅपटॉपवर, होम आवृत्तीवरसुद्धा, डिस्क उघडते.

किल्ली कुठेच नसेल तर डिस्क सोडवण्याचा मार्ग नाही. 'बिटलॉकर तोडून देतो' म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका. एकच आशा उरते, मूळ मदरबोर्ड दुरुस्त होण्याची : तोच बोर्ड, तीच चिप, बायोसला (बोर्डातल्या मूळ प्रोग्रॅमला) हात न लावता. म्हणून दुरुस्तीला देताना 'बोर्ड बदलू नका, बायोस नव्याने टाकू नका' असं पावतीवर लिहून घ्या.

प्रश्न : लॅपटॉप चालू होतो, कंपनीचं चिन्ह येतं, गोल फिरत राहतं, मग 'ऑटोमॅटिक रिपेअर' आणि परत तेच. विंडोज नव्याने टाकायच्या आधी फायली कशा घ्याव्या? (छत्रपती संभाजीनगर)

इथे स्क्रू ड्रायव्हरची गरज नाही. दोन वाटा आहेत.

पहिलीला काहीच विकत घ्यावं लागत नाही. रिपेअरच्या पडद्यावर 'अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स', 'ट्रबलशूट', तिथून 'कमांड प्रॉम्प्ट'. काळ्या खिडकीत नोटपॅड असं इंग्रजीत टाइप करून एंटर मारा. नोटपॅड उघडतं. त्यात 'फाइल', मग 'ओपन', आणि खाली प्रकार 'ऑल फाइल्स' निवडा. आता ही ओपनची खिडकीच तुमचा एक्सप्लोरर! फोल्डरवर राइट क्लिक करून कॉपी, बाहेरच्या डिस्कवर जाऊन पेस्ट. इथे सी ड्राइव्हचं डी झालेलं असू शकतं, अक्षर बघू नका, आतलं बघा. आणि कॉपी चालू असताना पट्टी दिसत नाही, खिडकी गोठल्यासारखी वाटते. बाहेरच्या डिस्कचा दिवा लुकलुकतोय तोवर हात लावू नका. एका वेळी दहा-वीस जीबीचेच घास घ्या.

दुसरी वाट लिनक्सच्या (विंडोजऐवजी चालणाऱ्या फुकट सिस्टीमच्या) पेन ड्राइव्हची, आणि डिस्कबद्दल थोडी जरी शंका असेल तर हीच बरी. दुसऱ्या संगणकावर उबुंटू किंवा लिनक्स मिंटची आयएसओ फाइल उतरवा, रुफस नावाच्या छोट्या प्रोग्रॅमने ८ जीबीच्या पेन ड्राइव्हवर चढवा. पेन ड्राइव्हवर आधीचं जे असेल ते पुसलं जातं. ती लावून लॅपटॉप सुरू करताना बूट मेनूचं बटण टकटक दाबत राहा : बहुतेक डेल, लेनोवो आणि एसरला एफ१२, एचपीला एफ९, आसुसला एस्केप. उबुंटूमध्ये 'ट्राय' निवडा, 'इन्स्टॉल' नाही. या दोन शब्दांत तुमचा सगळा डेटा आहे. उबुंटू सिक्युअर बूटसकट (अनोळखी सिस्टीम रोखणारी सोय चालू ठेवून) चालतं, त्यामुळे बायोसमध्ये तो बंद करायला जाऊ नका. बंद केलात तर बिटलॉकर किल्ली मागायला बसेल.

लिनक्स विंडोजची परवानगी विचारत नाही, फोल्डर थेट उघडतात. कधी म्हणतं, 'विंडोज झोपलेलं आहे, डिस्क जोडत नाही.' याचं कारण फास्ट स्टार्टअप : विंडोज बंद करताना पूर्ण बंद होत नाही, अर्धवट झोपतं. अशा वेळी डिस्क फक्त वाचण्यापुरती, म्हणजे 'रीड-ओन्ली' जोडायची. आपल्याला लिहायचं नाहीच आहे. आणि डिस्क दिसलीच नाही तर बायोसमध्ये स्टोरेजची पद्धत 'रेड' किंवा 'आरएसटी'वर असेल. ते 'एएचसीआय' केलं की दिसते. मूळ काय होतं त्याचा आधी फोटो काढा, काम झालं की परत तसंच ठेवा. बिटलॉकर असेल तर मात्र आधी किल्ली हातात घ्या, मगच बायोसला हात लावा.

'रीसेट धिस पीसी'मधला 'कीप माय फाइल्स' हा पर्याय कॉपी हातात आल्यानंतरचा आहे, आधीचा नव्हे.

प्रश्न : हार्ड डिस्क जोडली की टक्-टक् आवाज येतो आणि दिसत नाही. फ्रीजरमध्ये ठेवली की चालते असं ऐकलं. (रत्नागिरी)

आत्ता बंद करा आणि परत जोडू नका. तबकडी आणि वाचणारं डोकं यांच्यातलं अंतर काही नॅनोमीटर असतं. ठरावीक लयीतला टक्-टक् म्हणजे ते डोकं जागा शोधतंय, सापडत नाही, मागे जाऊन पुन्हा धडपडतंय. ते तबकडीला घासत असेल तर प्रत्येक मिनिटाला फोटोंचा थर खरवडला जातो. फ्रीजरमधून काढलेल्या डिस्कवर आत-बाहेर दव धरतं, आणि रत्नागिरीच्या हवेत तर धरणारच. उघडून बघण्याचा मोह तर त्याहून वाईट. खालचा हिरवा बोर्ड तसल्याच दुसऱ्या डिस्कचा लावण्याची युक्तीही हल्ली नुसती चालत नाही, कारण त्यावरच्या छोट्या चिपमध्ये त्या एका डिस्कची मापं लिहिलेली असतात.

हे काम क्लीन रूम (धूळरहित खोली) असलेल्या लॅबचं आहे. फोनवर तीनच गोष्टी विचारा : तपासणीची फी किती, डेटा नाही मिळाला तर किती, आणि मिळालेल्या फायलींची यादी पैसे भरण्याआधी दाखवणार का. डिस्क चंदेरी अँटिस्टॅटिक पिशवीत, भोवती दोन-तीन इंच स्पंज, मग खोका.

आवाज नाही पण डिस्क भयंकर हळू आहे, एकेका फोल्डरला दहा मिनिटं घेते, असं असेल तर गोष्ट वेगळी. क्रिस्टलडिस्कइन्फो या डिस्कची तब्येत दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये पिवळा 'कॉशन' आणि 'करंट पेंडिंग सेक्टर'च्या रकान्यात शून्याहून जास्त आकडा दिसेल. अशा डिस्कवर विंडोजचं चेकडिस्क चालवू नका. ते फायली वाचवत नाही, फाइलसिस्टीम सरळ करतं आणि त्यासाठी खराब डिस्कवर लिहीत सुटतं. लिनक्समधलं डीडीरेस्क्यू वापरा, ते अख्ख्या डिस्कची प्रत काढतं. ते आधी चांगले भाग भराभर उचलतं, अडलेले सोडून पुढे जातं, मग मागे येऊन हट्टी तुकड्यांशी झुंजतं. मधेच वीज गेली तरी मॅप फाइलमुळे (कुठवर आलो याची नोंद) जिथे सोडलं तिथून सुरू होतं. प्रत ज्यावर उतरवायची ती डिस्क मूळ डिस्कहून मोठी हवी आणि ती फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेली नको, त्यात ४ जीबीहून मोठी फाइल मावत नाही. फायली काढायच्या त्या या प्रतीतून; आजारी डिस्कला तोवर विश्रांती.

प्रश्न : दुकानदाराने न विचारता फॉरमॅट मारून विंडोज टाकलं. आता? (सोलापूर)

डिस्क कोणती यावर सगळं आहे. फिरती हार्ड डिस्क असेल तर क्विक फॉरमॅटने फक्त अनुक्रमणिका फाटते, पानं तशीच असतात. नव्या विंडोजने वीसेक जीबीवर लिहिलं तेवढं गेलं. लॅपटॉप लगेच बंद करा, डिस्क काढून दुसऱ्या संगणकाला जोडा आणि पुसलेल्या फायली शोधणारं फोटोरेक चालवा, ते फुकट आहे. मिळालेलं दुसऱ्याच डिस्कवर साठवा. फायलींची नावं आणि फोल्डर मिळणार नाहीत, नुसते आकडे मिळतील. फोटोंवर तारीख आतच असते, त्यामुळे लावता येतात. वर्ड फायली उघडून बघत बसावं लागतं.

एसएसडी (फिरती तबकडी नसलेली, चिपवाली डिस्क) असेल तर आशा धरू नका. फॉरमॅट होताच विंडोज डिस्कला 'ट्रिम' आदेश देतं आणि डिस्क मोकळी झालेली जागा स्वतःच पुसते. अशा वेळी गूगल फोटोज आणि वनड्राइव्ह बघा. विंडोज अनेकांचा डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स न सांगता वनड्राइव्हवर चढवत असतं, ५ जीबीपर्यंत फुकट. हल्ली पहिल्यांदा तिथेच बघावं असं म्हणावं लागतं.

प्रश्न : मॅकबुक एअर, एम१. पाणी सांडलं, बंद आहे. डिस्क काढता येईल? (पुणे)

नाही. स्टोरेजच्या चिप बोर्डावरच डाख दिलेल्या आहेत आणि कुलपाची किल्ली मुख्य चिपमध्ये. चिप उपटून दुसरीकडे लावली तरी काही वाचता येत नाही. अ‍ॅपलच्या टी२ सुरक्षा चिपचे २०१८ पासूनचे इंटेल मॅकबुकही असेच. २०१७ पर्यंतच्या एअरची पट्टी निघते, पण कनेक्टर अ‍ॅपलचा स्वतःचा, त्यामुळे वेगळा अ‍ॅडॉप्टर लागतो.

'बघू सुरू होतो का' म्हणून बटण दाबत राहू नका. ओल्या बोर्डावर वीज गेली की तांब्याच्या रेषा खाल्ल्या जातात. तांदळात ठेवून काहीही होत नाही. चिप-लेव्हल काम करणाऱ्याकडे न्या आणि स्पष्ट सांगा : मॅक वापरायचा नाही, फक्त डेटा हवा आहे, तेवढा वेळ बोर्ड जिवंत झाला तरी पुरे. बोर्डच बदलून घेतलात तर डेटा जुन्या बोर्डाबरोबर गेला. बोर्ड उठला की पॉवरचं बटण धरून ठेवून 'ऑप्शन्स'मध्ये जा. तिथल्या 'युटिलिटीज'मधून 'शेअर डिस्क' करून यूएसबी-सी केबलने दुसऱ्या मॅकवर फायली घेता येतात.

प्रश्न : डीटीपीचं काम आहे, टॅलीही त्याच लॅपटॉपवर. डिस्क वाचता येते, पण काय काय उचलायचं? मराठी फायली दुसरीकडे उघडल्या तर अगम्य अक्षरं दिसतात. (कोल्हापूर)

फायली धड आहेत, फॉन्ट नाहीत. कृतिदेव, श्रीलिपी किंवा आयएसएमचे जुने फॉन्ट मराठी अक्षरं इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवतात. फॉन्ट नसला की आतलं इंग्रजी उघडं पडतं. जुन्या डिस्कवरून विंडोजमधला 'फॉन्ट्स' फोल्डर पूर्ण उचला. विंडोज १० आणि ११ वर एकट्या वापरकर्त्यासाठी टाकलेले फॉन्ट त्याच्या 'अ‍ॅपडेटा'मध्ये, 'लोकल', 'मायक्रोसॉफ्ट', 'विंडोज'खाली असतात. 'अ‍ॅपडेटा' लपलेला असतो, 'व्ह्यू'मध्ये 'हिडन आयटम्स' चालू करा. श्रीलिपीचं डोंगल (संगणकाला लावायची परवान्याची किल्ली) असेल तर ते जपून ठेवा.

टॅलीप्राइमचा डेटा बहुतेक वेळा 'यूजर्स'मधल्या 'पब्लिक'खाली 'टॅलीप्राइम', त्यात 'डेटा' इथे असतो. जुन्या टॅली ईआरपी ९ चा बऱ्याचदा टॅलीच्याच फोल्डरमध्ये. आत कंपनीचं नाव दिसत नाही, आकडे दिसतात. तो आकडी फोल्डर जसाच्या तसा उचलायचा, आतल्या सुट्या फायली नव्हेत.

त्याखेरीज डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स, आउटलुकची पीएसटी फाइल, आणि सी किंवा डीच्या मुळाशी हाताने केलेले फोल्डर. डीटीपीवाल्यांचं निम्मं काम तिथेच असतं. ब्राउझरचे बुकमार्क कॉपी होतात; क्रोम किंवा एजमध्ये साठवलेले पासवर्ड त्याच विंडोज खात्याला बांधलेले असल्याने नुसती फाइल उचलून उघडत नाहीत. वनड्राइव्हच्या फोल्डरमध्ये काही फायलींवर ढगाचं चिन्ह दिसेल, त्या डिस्कवर नाहीतच, खात्यातून उतरवा.

जुनी डिस्क लगेच पुसून वापरायला घेऊ नका. प्रत्येक प्रकारच्या चार-पाच फायली उघडून बघा, टॅलीत ताळेबंद काढून बघा, आणि महिनाभर ती डिस्क पिशवीत, वर तारीख लिहून, कपाटात राहू द्या.